आरएक्सची डर्ट बाईक करायचीय? चेंबर नंतर, आधी फोर्क

बाहेरच्या देशांत लोक होंडाची सीआर, यामाहाची वायझेड, सुझुकीची आरएम असल्या जुन्या खऱ्याखुऱ्या मोटोक्रॉस गाड्यांना नवीन फोर्क, नवीन कार्बोरेटर लावत बसतात. आपल्याकडे तसल्या गाड्या बोटावर मोजण्याएवढ्या, त्यामुळे पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या डर्ट ट्रॅकवर टू-स्ट्रोक म्हटलं की यामाहाची आरएक्स १००, आरएक्स १३५, नाहीतर एखादी सुझुकी शोगन. आणि इथेच गोची आहे कारण आरएक्स ही मुळात रोडची गाडी, हलकी आहे, पिकअप आहे, म्हणून मातीत चालते एवढंच. पोरं काय करतात, आधी चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप) आणतात, मग मोठा कार्बोरेटर, मग ब्लॉकला पोर्टिंग (आतली भोकं घासून मोठी करणं), आणि पुढे मात्र तेच १८ इंची बारीक चाक, तोच ड्रम ब्रेक, तोच रोडचा फोर्क (पुढचे शॉकअप). सरळ पट्ट्यात पळते भारी, पहिल्या उडीनंतर हॅण्डल कुठे आणि आपण कुठे. म्हणून मी क्रम उलटा सांगतो. आधी चाक, फोर्क, ब्रेक, मग इंजिनची सीलं, आणि पावर सगळ्यात शेवटी, तीसुद्धा पैसे उरले तर.

गाडी कुठली धरायची

पेपर क्लिअर असलेली ओरिजिनल आरएक्स १०० असेल तर प्लीज तिला ग्राइंडर लावू नका. ती १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, आता लोक तिच्यासाठी वाट्टेल ते पैसे मोजतात, ती विकून त्याच पैशात आख्खी डर्ट बाईक उभी राहील. डर्टसाठी चार गिअरवाली दमलेली आरएक्स १३५ बघा. ती २००५ पर्यंत बनत होती, स्पेअर मिळतात, आणि इंजिन १३२ सीसीचं आहे. १०० आणि १३५ दोघींचा स्ट्रोक ५० मिमीच, फक्त बोअर ५० चा ५८ झालाय. म्हणून लोकांना वाटतं १३५ चा ब्लॉक १०० वर टाकला की झालं, पण लायनर जाडजूड असतो, क्रँककेसचं तोंड बोअर करायला लागतं, आणि तेवढ्या खर्चात आख्खं १३५ चं इंजिन येतं. नको त्या भानगडीत पडू नका.

इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि आरसी जुळतात का ते आधी बघा, घासलेला नंबर दिसला की मागे फिरा, कितीही स्वस्त असली तरी. दुसरं म्हणजे ही गाडी झाल्यावर रोडवर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल चालवून घेत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. ट्रॅकपर्यंत टेम्पोत न्यायची. काढलेले ओरिजिनल पार्ट फेकू नका, एका खोक्यात भरून ठेवा, आज नाहीतर उद्या त्यांना किंमत येणारच आहे.

पुढचं टोक

इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे, आणि गेलाच पाहिजे.

नवीन पार्ट म्हणजे कुठले? आपल्याकडे दोनच सोपे दाते आहेत, म्हणजे पार्ट काढून घ्यायच्या गाड्या. एक हिरो इम्पल्स, २०११ ची, फोर्क १८० मिमी चालतो, पुढचं चाक १९ चं, डिस्क २४० ची. दुसरी हिरोचीच एक्सपल्स २००, २०१९ ची, ३७ मिमीचा फोर्क, १९० मिमी ट्रॅव्हल, चाक २१ चं, डिस्क २७६ ची. ॲक्सिडेंटच्या गाडीचं पुढचं टोक पूर्ण मिळालं, म्हणजे वरचा-खालचा टी (फोर्कचे पाइप धरणारे क्लॅम्प), फोर्क, चाक, ॲक्सल, कॅलिपर, मास्टर सिलेंडर सगळं एकाच गाडीचं, तरच घ्या. सुटं सुटं गोळा करायला गेलात की स्पेसर बनवण्यातच आयुष्य जाईल. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत फिरा, रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात नजर टाका. घेताना फोर्कचे पाइप काचेवर लोळवून बघायचे, वाकडा असेल तर लगेच डुगडुगतो, टी ट्विस्ट झालीय का तेही बघायचं.

मला विचाराल तर १३५ ला इम्पल्सचं टोक जास्त शोभतं. एक्सपल्स दीडशे किलोच्या वर, इम्पल्स १३४, आणि आपली आरएक्स शंभरच्या आसपास, ती पण हेडलाइट, बॅटरी, साडीगार्ड काढल्यावर आणखी उतरते. म्हणजे फोर्कची स्प्रिंग आपल्या गाडीला कडकच होणार, एक्सपल्सची तर फारच. आणि कोणीतरी हमखास सल्ला देतो की स्प्रिंग कापून टाक, नरम होईल. होत नाही! कापलेली स्प्रिंग कडक होते, कारण तेवढंच वजन आता कमी वेटोळ्यांवर येतं. नरम पाहिजे तर कमी रेटची स्प्रिंग शोधा, किंवा आधी वरचा प्रीलोड स्पेसर थोडा कमी करून बघा.

आता उंचीचा हिशोब. आरएक्सचं पुढचं २.५०-१८ चं टायर, त्याची त्रिज्या साधारण २९० मिमी. ९०/९०-१९ ची ३२० च्या आसपास, ९०/९०-२१ ची साडेतीनशेला टेकते. म्हणजे फोर्कची लांबी सोडून द्या, नुसत्या चाकानेच गाडीचं नाक १९ ला ३० मिमी आणि २१ ला ५५ मिमी वर जातं. आरएक्सचा व्हीलबेस सव्वा मीटरच्या आसपास, तर पुढून दर २२ मिमी उचललं की हेड अँगल (फोर्कचा तिरकेपणा) साधारण १ डिग्री आडवा पडतो. २१ चं चाक आणि वर लांब फोर्क असा मिळून ८० मिमी उचल झाली की पावणेचार डिग्री गेली, मग ती गाडी वळत नाही, नांगर ओढल्यासारखी वळवावी लागते. उपाय दोन, फोर्कचे पाइप टीमधून वर सरकवायचे, आणि मागचं टोकही वर घ्यायचं. दोन्ही थोडं थोडं करा.

पाइप वर सरकवले की लगेच एक टेस्ट करायचीच. फोर्कमधल्या स्प्रिंगा काढा, चाक लावा, आणि गाडी दाबून फोर्क पूर्ण बसवा. टायर सायलेन्सरच्या बेंडला लागतं का, मडगार्ड खालच्या टीला लागतं का, फ्रेमच्या डाउनट्यूबला किती जागा उरली, सगळं डोळ्यांनी दिसतं. दोन बोटं तरी जागा पाहिजे, कारण उडीनंतर खाली येताना सगळंच वाकतं. मडगार्ड वरचंच लावा, खालच्या टीला बोल्ट करून, नाहीतर पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरणंच बंद.

टी बसवायचं काम लेथवाल्याचं. आधी आरएक्सच्या फ्रेमच्या स्टिअरिंग हेडमधल्या बेअरिंगच्या रेसचा (कडीचा) बाहेरचा व्यास, नवीन टीच्या दांड्याचा व्यास, आणि वरच्या-खालच्या रेसमधलं अंतर व्हर्नियरने मोजून कागदावर लिहा. नशीब चांगलं असेल तर बाहेरून आरएक्सच्या फ्रेमला आणि आतून नवीन दांड्याला बसेल असं टेपर रोलर बेअरिंग बेअरिंगच्या दुकानात मिळून जातं, फक्त साइज सांगायचा, गाडीचं नाव सांगू नका, नाहीतर तो नुसतं डोकं हलवतो. नाही मिळालं तर नवीन दांडा वळवून घ्यायचा. माइल्ड स्टीलचा नको, ईएन १९ किंवा ईएन २४ चा, आणि प्रेसमध्ये टाइट फिट, हातोडीने ठोकून बसणारा नको. कोल्हापूरकडचे असाल तर उद्यमनगरात हे काम डोळे झाकून होतं, नाशिकवाल्यांना सातपूर-अंबड आहे. जुने सुटे छर्रे ठेवू नका, टेपर बेअरिंगच टाका, आणि नट एवढाच आवळा की चाक हवेत असताना हॅण्डल बोटाने ढकललं की आपल्या वजनाने एका बाजूला पडेल पण पुढे-मागे हलवलं तर खट्ट होणार नाही.

हॅण्डल पूर्ण वळवल्यावर फोर्क टाकीला लागतो, हे नव्वद टक्के वेळा होतं. फ्रेमवर स्टॉपर वेल्ड करा. टाकीला आत डेंट मारून जागा करणारेही आहेत, मला ते बघवत नाही.

ऑइल १०डब्ल्यू टाकून सुरू करा. लेव्हल मोजायची ती स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला असताना, वरच्या कडेपासून. उडीवर फोर्क तळाला आपटत असेल तर लेव्हल थोडी वाढवा, हवा कमी उरली की शेवटचा भाग कडक होतो, स्प्रिंगला हात लावायची गरज नाही. आणि सॅग बघा, हेल्मेट-बूट घालून गाडीवर उभे राहा, फोर्क एकूण ट्रॅव्हलच्या पाव ते तिसऱ्या भागाएवढा बसला पाहिजे, १८० चा असेल तर ४५ ते ६० मिमी.

डिस्कचं काम मग सोपंय. मास्टर सिलेंडर त्याच कॅलिपरचा, होस फोर्क पूर्ण उघडल्यावर आणि हॅण्डल दोन्हीकडे वळवल्यावर ताणला जात नाही एवढा लांब, डॉट ४ ब्रेक ऑइल टाका, ब्लीड करा म्हणजे आतली हवा काढा, झालं. मागचा ड्रम राहू द्या. नवीन लायनर आणि नीट ग्रीस केलेला कॅम एवढ्यात तो मातीत पुरेसा आहे.

मागचं टोक

मोनोशॉक करायची खाज सगळ्यांना असते. इम्पल्स, एक्सपल्सचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आणि शॉकअप आणून फ्रेमला मधे माउंटिंग वेल्ड करायचं, व्हिडिओत मस्त दिसतं. पण आरएक्सची फ्रेम दोन शॉकअपचा भार मागच्या बाजूला घेईल अशी बनवलीय, तुम्ही तोच भार एका ठिकाणी मधल्या पातळ पाइपवर आणता, गसेट (जोडाला आधाराचे पत्रे) नीट नसतील तर तिथूनच क्रॅक जातो. पहिल्या गाडीला दोनच शॉकअप ठेवा. पल्सरचे गॅसवाले नायट्रॉक्स बरेच जण लावतात, पण पल्सर आपल्यापेक्षा बरीच जड, तेव्हा प्रीलोड सगळ्यात खालच्या खाचेवर ठेवूनच सुरुवात, आणि बुशचा व्यास मोजून घ्या, तिथे नवीन बुश वळवून घ्यावं लागू शकतं. लांबी जुन्यापेक्षा थोडी जास्त चालेल, त्यानेच मागचं टोक वर येणार आहे, पण अति नको कारण चेन चिमट्याच्या पिव्होटवर घासायला लागते. तिथे नायलॉनची पट्टी लावाच.

चेन कधी ॲडजस्ट करायची हेही सांगतो कारण इथे सगळे गंडतात. शॉकअप काढा, चिमटा हाताने वरखाली करा, पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात टाइट असते. त्या पोझिशनला अर्धा-पाऊण इंच ढिली राहिली पाहिजे. स्टँडवर ती लोंबलेली दिसेल, दिसू दे.

फ्रेम उघडी आहे तोवर स्टिअरिंग हेडच्या मागे, इंजिन माउंटिंगला आणि शॉकअपच्या वरच्या माउंटिंगला रंग खरवडून बारीक क्रॅक शोधा. डोरी धरून दोन्ही चाकं एका लाइनीत येतात का बघा. पत्र्याचे छोटे गसेट मारायचे तर आत्ताच, पावडर कोटिंगच्या आधी.

इंजिन, पण पावर नाही

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप आहे, त्यामुळे क्रँकचं एक सील जरी लीक असलं तरी बाहेरची हवा आत जाते, मिक्सचर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि पिस्टन धरतो. नवीन कार्बोरेटर लावून सहा महिने जेटच बदलत बसलेले लोक मी बघितलेत, शेवटी निघतं काय तर मॅग्नेटच्या मागचं सील. म्हणून आधी दोन्ही क्रँक सील, बेअरिंग, सगळी गॅस्केटं नवीन. क्रँक सेंटरला धरून डायल लावून घ्या, रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) ०.०३ मिमीच्या आत. मग प्रेशर टेस्ट, इनटेक आणि एक्झॉस्ट रबर प्लगने बंद करायचे, सायकलच्या छोट्या पंपाने ६ पीएसआय भरायचं, आणि ६ मिनिटं काटा बघत बसायचं. पडत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा कुठे येतो ते दिसेल. टायरचा मोठा कॉम्प्रेसर लावू नका, सीलच बाहेर येईल.

बोअर करायला देताना पिस्टन सोबत द्या, तो मापायला लागतो. क्लिअरन्स पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेला ठेवा, बोअरवाल्याच्या अंदाजाने नको. ब्लॉक परत आला की पोर्टच्या कडा बोटाने चाचपा, धारदार असतील तर बारीक पेपरने मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप कायम नवीन. हेड बसवल्यावर सोल्डरची तार प्लगच्या भोकातून कडेपर्यंत घालून किक फिरवा, चेपलेली तार मोजा, तीच पिस्टन आणि हेडमधली फट, १ मिमीच्या खाली नको.

ऑटोल्यूब पंप (इंजिनात आपोआप ऑइल सोडणारा) ठेवायचा की काढायचा यावर भांडणं होतात. ट्रॅकसाठी मी म्हणेन काढा, भोक नीट ब्लँक करा आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा. जुन्या पंपाची केबल ताणली गेली की ऑइल किती जातंय ते कळत नाही, आणि मोठा कार्बोरेटर लावल्यावर त्याचा हिशोबही बदलतो. रनिंग-इनला लिटरला ४० मिली, नंतर ३० ते ३३ मिली, जेएएसओ एफडी ग्रेडचं. एक लक्षात ठेवा, मिसळलेलं असलं की रेस सोडली की ऑइलही जवळजवळ बंद, त्यामुळे लांब उतारावर रेस बंद करून गिअरमध्ये गाडी सोडू नका, मधेमधे क्लच दाबून हलकी रेस द्या.

रीड, कार्बोरेटर आणि मग चेंबर

रीड म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिनमधली पाकळ्यांची झडप, तिचं काम स्वस्त आणि फायद्याचं. जुन्या स्टीलच्या पाकळ्या तुटल्या तर सरळ इंजिनात जातात. फायबर किंवा कार्बनच्या टाका, उजेडात धरून बघा, पाकळी आणि ब्लॉकमधून उजेड दिसायला नको.

कार्बोरेटर २४ चा घ्या, मिकुनी व्हीएम किंवा केहिन पीडब्ल्यूके. २८ चा १३२ सीसीला खालून मारतो, वळणातून बाहेर पडताना गाडी भ्भ करते आणि मागचा माणूस पुढे जातो. चार-स्ट्रोक गाडीचा डायफ्रॅमवाला सीव्ही तर अजिबात नको, मातीत रेस झटकन लागते. पीडब्ल्यूके नावाने जे डुप्लिकेट विकतात त्यांच्यावर लिहिलेल्या जेटच्या नंबरवर विश्वास ठेवू नका, ओरिजिनल जेटचा सेट वेगळा घ्या. मिकुनीचे नंबर आणि केहिनचे नंबर वेगळे, एकाचा दुसऱ्याला लावू नका.

मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मोजून पाडलेलं भोक) मुद्दाम मोठा घालून सुरुवात करा, फुल रेसला गाडी गुरगुरली पाहिजे. मग एक एक नंबर खाली या. नवीन प्लग, फुल रेस, मग क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच, प्लग काढून बघा. चॉकलेटी पाहिजे, काळा ओला म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढरा म्हणजे लीन, लगेच थांबा. आणि आता पंपावर ई२० मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल असल्यामुळे तेच जेट जुन्या पेट्रोलच्या मानाने लीन पडतं, दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेला जेट नंबर आज तसाच घालू नका. रबरी पाइप, ओ-रिंग पण इथेनॉलला चालणारे घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. मुंबईत सेट केलेली गाडी पाचगणीकडे तेराशे मीटरवर नेली की रिच वाटेल, तिथे एखादा नंबर खाली चालतो, पण खाली उतरताना परत बदलायचा हे विसरलात तर पिस्टन गेला.

फिल्टरसाठी फक्त ऑइल लावलेला फोम. दुकानात चमकणारे शंकूसारखे उघडे फिल्टर मिळतात ते कोकणातल्या जांभ्याच्या लाल धुळीत बोअर पॉलिश करून देतात, फुकटात.

आता चेंबर. बॅफल (सायलेन्सरमधली आवाज दाबणारी नळी) काढून आवाज वाढवणं म्हणजे चेंबर नव्हे, त्याने मधली ताकद जाते आणि मिक्सचर लीन होतं. चेंबरची लांबी आणि कोन एक्झॉस्ट पोर्टच्या टायमिंगशी जुळवलेले असतात, म्हणून तुमच्या ब्लॉकसाठीच बनवलेला घ्या, शेवटचा बारीक पाइप फार बारीक नको, इंजिन तापतं. आणि तो वरून नेलेला असावा, खालून नेला की पहिल्याच दगडावर चेपला. चेंबर लावला की जेटिंग पुन्हा पहिल्यापासून, यात शॉर्टकट नाही. प्लग एक नंबर थंड, एनजीकेमध्ये मोठा नंबर म्हणजे थंड.

मॅग्नेट लेथवर हलका करून देणारे भेटतील, नको. मातीत जड मॅग्नेटच बरा, ग्रिप टिकते. गिअरिंग मात्र बदला, ते सगळ्यात स्वस्त, पुढे एक दात कमी केला तर मागे जवळपास तीन दात वाढवल्यासारखं होतं. क्लचच्या फायबर प्लेट बसवण्याआधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवा, आणि गिअरबॉक्सला कारचं इंजिन ऑइल नको, क्लच घसरतो, जेएएसओ एमए लिहिलेलं बघा.

पहिल्यांदा चालू केल्यावर गरम होऊ द्या, बंद करा, पूर्ण थंड, असं दोन-तीनदा, मग थंड असताना हेडचे नट परत टाइट. नंतर अर्ध्या रेसवर फिरवा, एकाच रेसवर धरून ठेवू नका. मातीतलं टायर प्रेशर १२ ते १५ पीएसआय, एवढं कमी ठेवायचं तर मागे रिम लॉक लागेल, नाहीतर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह कापतो. पहिलं सेशन झालं की गाडी थंड व्हायच्या आत सगळ्या तारा वाजवून बघा, नवीन बांधलेल्या चाकाच्या तारा हमखास ढिल्या होतात, टीचे बोल्ट, चिमट्याचा नट, चेंबरच्या स्प्रिंगा बघा, आणि फोर्कच्या पाइपला एक रबर बँड बांधून ठेवा म्हणजे पुढच्या सेशनला फोर्क किती खाली गेला ते कळेल.